रत्नागिरी ते विजयदुर्ग : शिडावरचा एक दिवस

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला 'मराठ्यांचे आरमार' असा भारदस्त विषय सुचविला होता. त्या विषयावर अधिकारवाणीने बोलू शकतील अशी अभ्यासक मंडळी महाराष्ट्रात आहेत, मी त्यांच्यापैकी नव्हे, असे मी नम्रपणे कळविले. तीस वर्षे वृत्तपत्रात काढलेल्या माणसाचे ज्ञान म्हणजे चार आण्यांच्या सोळा वस्तू. पण शिडाच्या गलबतावर प्रत्यक्ष घालविलेला एक दिवस माझ्या गाठीशी आहे, त्याविषयी मात्र मी बोलू शकेन, असेही मी सांगितले. संयोजकांनी मोठ्या मनाने ते मान्य केले.

हा दिवस इतक्या वर्षांनी आठवण्याचे कारण एक बातमी आहे. 'कौंडिण्य' हे नाव आपणांपैकी अनेकांनी वाचले असेल. अजिंठ्याच्या लेण्यात इसवी सनाच्या पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे. त्या चित्रावरून गोव्यात एक जहाज बांधले गेले. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, कारागीर केरळचे. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात समाविष्ट झाले, २९ डिसेंबरला पोरबंदरहून मस्कतकडे निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये तेथे पोहोचलेही. बातमी वाचताना ऊर भरून आला हे सांगायला नकोच. परंतु त्या वृत्तांतातील एका मुद्द्यापाशी मी थबकलो. असे जहाज पूर्वी चालविलेला एकही माणूस आज हयात नाही. त्यामुळे नौदलाच्या जवानांना त्याची शिडे कशी वागवायची ते समुद्रावर जाऊन, चुकत-माकत शिकावे लागले. लाकूड, दोरी, राळ यांचे ज्ञान केरळच्या कारागिरांच्या हातांत टिकून होते, म्हणून जहाज उभे राहिले. ते हाकण्याचे ज्ञान मात्र कोणाच्याच हातांत उरले नव्हते.

ते वाचले आणि मला आमचा तांडेल आठवला.

साल १९८२. मी अकरा वर्षांचा होतो. आमचे बिऱ्हाड रत्नागिरीत आणि आजोळ विजयदुर्गला. दिवाळी नुकतीच संपली होती. माझे मामा एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होते. त्या व्यापाऱ्याचा मचवा मंगळुरी कौले घेऊन रत्नागिरीला आला होता आणि माल उतरवून परत निघायचा होता. आईने मला मामांच्या हवाली केले. एस.टी.ने गेलो असतो तर खाड्यांना वळसे घालीत, घाट्या चढत-उतरत दिवस मोडलाच असता. शिवाय मला गाडी लागे. समुद्रही लागू शकतो, हे आमच्या घरात कोणाच्या ध्यानात आले नाही.

मचव्याला इंजिन बसविलेले होते. त्या सुमारास कोकणातील बहुतेक मालवाहू मचव्यांना ते बसले होते; शीड असे, पण डिझेल वाचविण्यापुरते. आमच्या मचव्याचे इंजिन नेमके रत्नागिरीच्या बंदरात बिघडले. सुटा भाग मुंबईहून यायला आठ दिवस लागतील, असे कारागिराने सांगितले. मामांचा चेहरा उतरला. तरणे खलाशी आठ दिवस रत्नागिरीत काढायला एका पायावर तयार होते. तांडेल गाबीत समाजाचा, साठीच्या पलीकडचा, बोलायला तुटक. तो म्हणाला, "इंजिन मेला तर मेला, शीड जिता आसा मा?" विषय तेथेच संपला.

आम्ही पहाटे चारच्या सुमारास निघालो. का, ते मला तेव्हा कळले नाही. सकाळी न्याहारी करून निघायचे सोडून हा म्हातारा काळोखात का निघतो, म्हणून मी कुरकुरत होतो. आपण सर्वांनी शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले आहेत. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून तो जमिनीकडून समुद्राकडे जातो. या उत्तराला दोन गुण मिळतात आणि ते मलाही मिळाले होते. पण तो मतलई वारा म्हणजे हाच, आता माझ्या डाव्या गालाला लागतो आहे तो, हे मला त्या पहाटे कोणी सांगितले नाही. सुकतीचे पाणी आणि मतलई या दोहोंनी मिळून मचवा अलगद बंदराबाहेर काढला. इंजिनाची धडधड नसल्यामुळे सारे इतके शांत होते की, नाळेखाली पाणी फाटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येई. या वाऱ्याला वास असतो. ओल्या गवताचा, गोठ्यांचा, कोणाच्या तरी चुलीतल्या पहिल्या धुराचा. आपण समुद्रावर असतो आणि वास मात्र गावाचे येत असतात. मागे रत्नदुर्गावरचा दीप उघडझाप करीत होता.

उजाडले तेव्हा भाट्याचा किनारा मागे पडला होता. सूर्य सह्याद्रीकडून, म्हणजे आमच्या डाव्या हाताला उगवला आणि सगळी किनारपट्टी काही वेळ नुसती काळी आकृती होऊन राहिली. तांडेल त्या आकृतीकडे एकटक पाहत सुकाणूवर बसला होता. होकायंत्र होते, पण ते एका खोक्यात कांद्यांच्या शेजारी पडलेले होते. त्याचे सारे लक्ष खुणांवर. अमुक देवळाचे शिखर तमुक टेकडीच्या खांद्याशी आले की खडक संपला; ताडांची जोडी एकामागे एक झाकली गेली की पाणी पाच वाव. मला विश्वास वाटेना. तेव्हा त्याने खलाशाला दोरी सोडायला सांगितली. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाशी चरबी चोपडलेली. गोळा वर आला तेव्हा चरबीला चिकटलेली वाळू त्याने मला बोटाने दाखविली. चिखल लागला तर खाडीचे मुख जवळ आले, वाळू लागली तर पुळण, काहीच चिकटले नाही तर खाली कातळ. आणि हो, दोरी पाच वावच भिजली होती.

पावसच्या समोर आल्यावर त्याने किनाऱ्याकडे वळून हात जोडले. स्वामी स्वरूपानंदांनी देह ठेवून तेव्हा आठ वर्षे झाली होती. मामांनीही हात जोडले, मीही जोडले. मग पूर्णगड आला. मुचकुंदी नदीच्या मुखावरचा हा लहानसा किल्ला जमिनीवरून पाहिला तर फारसा नजरेत भरत नाही. समुद्रावरून पाहताना मात्र त्याची जागा कोणी निवडली असेल, त्याला मनोमन नमस्कार करावासा वाटतो. खाडीत शिरणारे होडकेसुद्धा त्याच्या डोळ्यांतून सुटायचे नाही. आपण किल्ले जमिनीवरून चढून पाहतो, म्हणजे त्यांची पाठ पाहतो. या जलमार्गाच्या किल्ल्यांचे तोंड समुद्राकडे आहे.

साडेदहाच्या सुमारास मतलई पडली. 'पडली' हाच शब्द. कोणीतरी हातातला पदर सोडून द्यावा तसे शीड डोलकाठीशी लोंबू लागले. पाणी तेलासारखे झाले. ऊन डोक्यावर, सावली शिडाची तेवढी. आणि मचवा उभ्या जागी डुलू लागला. एस.टी.त जे होई ते मला येथे झाले, त्याचे वर्णन करीत नाही. मामांनी लिंबू हुंगायला दिले. त्यांचा त्या दिवशी उपास होता, ते केळी खात होते. वाळू भरलेल्या लाकडी खोक्यात चूल मांडून खलाशांनी भात आणि सुक्या मासळीचे कालवण रांधले होते. त्या वासाने माझी अवस्था आणखीच बिकट झाली. मी तांडेलाला विचारले, आता काय? तो म्हणाला, "दर्याक घाई नसता, झिला."

हे दोन तास मला त्या वयात निव्वळ फुकट गेलेले वाटले. पुढे केव्हातरी कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराविषयी वाचताना ते दोन तास मला परत मिळाले. मराठी आरमारात गुराबा होत्या, तोफा वाहणाऱ्या, दोन-तीन डोलकाठ्यांच्या. आणि गलबते होती, लहान, वल्ह्यांनी चालणारी. वारा पडला की इंग्रजांचे अवजड जहाज, त्यावर कितीही तोफा असोत, जागच्या जागी खिळून राही. तेव्हा आपली गलबते वल्ही मारीत गुराबांना दोर लावून ओढीत नेत आणि त्या जहाजाच्या पिछाडीशी, जेथे त्याच्या तोफा कमीत कमी पोहोचत तेथे, नेऊन उभी करीत. ज्या शांततेत परक्याचा जीव घुसमटे, तीच आपली लढाईची वेळ. रोज सकाळी हा किनारा साधारण केव्हा निर्वात होतो आणि पुन्हा केव्हा श्वास घेतो, हे ज्याच्या आज्या-पणज्याला ठाऊक होते, त्यानेच हे तंत्र बसविले असणार. कान्होजींच्या शौर्याचे पोवाडे आपण ऐकतो. त्या शौर्याच्या खाली असे कित्येक अनाम तांडेलांचे घड्याळ टिकटिकत होते, हे मात्र कोणी सांगत नाही.

आता मी ज्यासाठी उभा आहे त्या प्रसंगाकडे येतो.

कोकणच्या मचव्याचे शीड एका तिरक्या लांब वाशाला बांधलेले असते. त्या वाशाला परबाण म्हणतात. आमच्या मचव्याचे परबाण डोलकाठीपेक्षाही लांब होते. डोलकाठी सरळ उभी नसते, पुढे झुकलेली असते. ती तशी का, हे विचारण्याची बुद्धी मला तोवर झाली नव्हती. सकाळभर वारा डाव्या हाताकडून होता, म्हणून शीड उजव्या अंगाला होते. आता येणारा खारा वारा वायव्येकडून, म्हणजे आमच्या उजव्या खांद्यामागून येणार होता. शीड डाव्या अंगाला न्यावे लागणार होते. याचा अर्थ एवढाच की, ते सगळे अवजड परबाण सैल करून उभे करायचे, डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचे आणि मग दुसऱ्या बाजूला पुन्हा ताणून बांधायचे. डोलकाठी पुढे झुकलेली असते ती यासाठी. नाहीतर परबाणाला वळायला जागा राहणार नाही. हे सगळे वारा यायच्या आत उरकायचे. वारा मध्येच आला आणि शीड अर्ध्यावर असेल, तर मचवा कलंडू शकतो, परबाण मोडू शकते, खाली उभ्या असलेल्या माणसाचे काय होईल ते सांगायला नको.

इंजिन आल्यापासून हे काम कोणी समुद्रावर फारसे केले नव्हते. बंदरात, नांगरावर, निवांतपणे करीत. तिघे तरणे खलाशी एकमेकांकडे पाहू लागले. एक जण म्हणाला, वारा येऊ दे, मग बघू. तांडेलाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो वायव्येला, क्षितिजाकडे पाहत होता. मग म्हणाला, "आता कोणी बोलूचा नाय."

आणि त्याने घोष सुरू केला. दोर ओढताना म्हणायचा तो घोष. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि उचलताना ओढ द्यायची. तीस-चाळीस मणांचे ओझे चार माणसांनी एकाच क्षणी ओढायचे, तर तो क्षण कोणीतरी ठरवून द्यावा लागतो. तो क्षण ते गाणे ठरवीत होते. पहिल्या दोन ओळींना पोरे अडखळली. तिसऱ्या ओळीला परबाण हलले. मामा आपला उपास आणि हिशेबनिशी विसरून दोराला लागले. परबाण उभे राहिले, डोलकाठीच्या पुढे आले, आणि तेवढ्यात मी पाहिले की दूर पाण्यावर एक काळी रेघ उमटली आहे. ती रेघ आमच्याकडे येत होती. तो खारा वारा होता. तो अंगाला लागण्याआधी डोळ्यांना दिसतो, हे मला त्या दिवशी कळले. शिडाचे टोक अजून सुटे होते. त्या टोकाच्या दोराला दामण म्हणतात. एका खलाशाच्या हातून दामण निसटली. मचवा कलला, चुलीचे खोके घसरत माझ्या पायाशी आले, मामांनी मला बखोटीला धरून खाली दाबले. म्हाताऱ्याने सुकाणू पोटाशी घेऊन, सगळे अंग मागे टाकून मचव्याची पाठ वाऱ्याकडे वळविली. शीड दोन-तीनदा तोफेसारखे फडाडले. मग कोणीतरी दामण पकडली, गुंडाळली, आणि एकदम सगळे आवाज थांबले. मचवा चालू लागला होता.

"वारो इलो," तांडेल म्हणाला आणि त्याने विडी पेटविली. त्या खलाशाला तो एक शब्दही बोलला नाही. संध्याकाळपर्यंत दामण त्याच पोराच्या हाती ठेवली, एवढेच.

त्यानंतरचा प्रवास म्हणजे सुखाची परमावधी होती. आंबोळगड गेला, राजापूरच्या खाडीचे रुंद मुख गेले, आत नाट्याचा यशवंतगड झाडीत लपलेला, पुढे जैतापूरचा दीपस्तंभ. मचवा अंगात आल्यासारखा धावत होता आणि मला भूक लागली होती. मी तांडेलाला शब्द विचारीत सुटलो. मागच्या लहान डोलकाठीला काय म्हणतात? कलमी. रिकामा मचवा कलू नये म्हणून तळाशी ठेवलेल्या वाळूच्या गोण्यांना? नीरम. तो कंटाळला नाही. मला वाटते, कित्येक वर्षांत त्याला हे कोणी विचारले नसावे.

सूर्य बुडता बुडता विजयदुर्गाचे तट दिसले. खाडीत शिरताना त्याने पाण्याच्या एका पट्ट्याकडे बोट दाखवून सांगितले, आंग्र्यांचे आरमार येथे जळाले. फेब्रुवारी १७५६ची ती गोष्ट. समुद्राकडून इंग्रज, जमिनीवर पेशव्यांचे सैन्य. तुळाजी आंग्रे यांची गलबते याच पाण्यात पेटली. आपसांतील वैर मिटविण्यासाठी परक्याला घरात घ्यावे आणि त्याने घरच जाळावे, असा तो प्रकार. इतिहासाच्या पुस्तकात हे प्रकरण दोन-चार ओळींत उरकतात. त्याच्या तोंडी मात्र काल-परवाची गोष्ट असावी तसे होते.

माझ्या स्वतःच्या वागण्याविषयी आता सांगणे भाग आहे.

पुढे मी पत्रकार झालो. कोकणावर लिहिले, बंदरांवर लिहिले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा रकानेच्या रकाने भरले. खाड्यांवर पूल झाले, ट्रक आले, मचव्यांचा माल गेला. त्याविषयी 'कालाय तस्मै नमः' छापाचा एक लेखही लिहिला आणि त्याची वाखाणणी झाली. त्या लेखात तांडेलाचा उल्लेख होता. लेख वाचून मामांनी कळविले की म्हातारा अजून आहे, ये एकदा, त्याच्याकडून सगळे उतरवून घे. मी येतो म्हणालो. निवडणुका आल्या, मग मुलीचे आजारपण, मग पुन्हा निवडणुका. आपल्या व्यवसायात जे आज घडले तेच महत्त्वाचे, जे उद्याही असेल ते थांबू शकते, अशी एक समजूत आहे. म्हातारी माणसे उद्याही असतील, हे आपण कशाच्या आधारावर धरून चालतो, कोण जाणे.

मी २००६ साली गेलो. तो दोन पावसाळ्यांपूर्वी गेला होता.

त्याच्या मुलाने आदराने बसविले. त्याची स्वतःची मासेमारीची यांत्रिक नौका आहे. शीड त्याने हाताळलेले नाही. त्यात त्याचा काही दोष नाही, पोट भरायचे तर यंत्र हवेच. त्याला परबाण हा शब्द माहीत होता, दामण ऐकल्यासारखी वाटत होती, नीरम नाही. मी मुंबईला परतल्यावर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश काढून बसलो, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश काढला. समुद्राचे शब्द तेथे बरेच सापडले. एका परक्या साहेबाने आणि पुण्याच्या कोशकारांनी ते जपले याबद्दल त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. परंतु परबाण म्हणजे काय ते कोश सांगतो, ते केव्हा फिरवायचे हे कोश सांगत नाही. पाण्यावरची काळी रेघ कोशात नाही.

आपण आरमाराचा अभिमान बाळगतो. सिंधुदुर्गावर जातो, विजयदुर्गाच्या तटावर उभे राहून घोषणा देतो, आणि ते योग्यच आहे. गिर्ये येथील आरमाराची गोदी पाहायला मात्र फार थोडे जण वाकडी वाट करतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, इतक्या बारकाव्यापर्यंत त्यात विचार आहे. ज्या राज्याने झाड कोणते तोडावे हे लिहून ठेवले, त्याच्या वारसांनी शीड कसे फिरवावे हे लिहून ठेवले नाही, आणि लिहिण्याची संधी १९८२ साली एका अकरा वर्षांच्या पोराला मिळाली होती, १९९८ साली एका पत्रकारालाही मिळाली होती. दोघेही तुमच्यासमोर उभे आहेत.

त्या दिवशी निघताना आतल्या खोलीतून तांडेलाची बायको बाहेर आली. ऐंशीच्या घरात असेल. मी तो घोष आठवत होतो. चाल मला येत होती, शब्द येत नव्हते. मी नुसती चाल गुणगुणलो. म्हातारीने तत्काळ पुढची ओळ उचलली. मी चकित झालो. तिला कसे ठाऊक? तर पावसाळ्याच्या तोंडाशी मचवे वर ओढून काढायचे असत, तेव्हा दोराला बायकाही लागत. तिने चार ओळी सांगितल्या, मी वहीत उतरवून घेतल्या. घोष मात्र पाच ओळींचा होता. पाचव्या ओळीला परबाण डोलकाठीच्या पुढे येते. "सगळा आठवत नाय रे बाबा," ती म्हणाली, "उद्या ये, आठवान ठेवतंय." मला संध्याकाळची एस.टी. पकडायची होती.

ती वही आज मी बरोबर आणली आहे. चार ओळी लिहिलेल्या आहेत आणि पाचवीची जागा मोकळी आहे. या सभागृहात देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, पूर्णगड या बाजूची काही मंडळी बसली असतील. कोणाच्या घरी पंच्याहत्तरीच्या पुढचे, शिडाच्या मचव्यावर काम केलेले किंवा तो किनाऱ्यावर ओढलेले कोणी असेल, तर कार्यक्रमानंतर मला भेटावे. मी बाहेर पुस्तकांच्या मेजाशेजारी बसणार आहे. चाल मी गुणगुणून दाखवीन.